जामीन नाकारला, पण किती काळासाठी?

‘विद्रोही’ या नियतकालिकाचे संपादक सुधीर ढवळे यांना गोंदिया पोलिसांनी 2 जानेवारी 2011 रोजी वर्धा रेल्वे स्थानकावर अटक केली. माओवाद्यांशी संबंध, राजद्रोह, यूएपीए (बेकायदा कृत्ये प्रतिबंधक कायदा) असे गंभीर आरोप होते. मे 2014 मध्ये गोंदियाच्या सत्र न्यायालयाने त्यांची आणि आणखी आठ जणांची निर्दोष मुक्तता केली. मधले चाळीस महिने ढवळे तुरुंगात होते.

आपल्या जिल्ह्याच्या न्यायालयाने पुरावा तपासला आणि तो पुरेसा नाही असे सांगितले, याचा मला अभिमान आहे. राग आहे तो एवढाच की हे तपासायला चाळीस महिने लागले आणि तोवर माणूस आतच राहिला.

साध्या गुन्ह्यात जामिनाचा अर्ज आला की न्यायाधीश प्रामुख्याने तीन गोष्टी बघतात. आरोपी पळून जाईल का, पुरावा नष्ट करील का, साक्षीदारांना धमकावील का. गुन्ह्याचे गांभीर्य आणि आरोपीची मागची नोंदही बघितली जाते. सरकार पक्षाचा ‘से’ म्हणजे लेखी म्हणणे येते आणि त्यात बहुधा हीच तीन वाक्ये असतात. अशा वेळी ‘कशावरून?’ हे विचारणे न्यायाधीशाचे कामच आहे. आमच्या जिल्ह्यातल्या देवरीत ज्याचे घर आहे, धानाची बांधी आहे, म्हातारे आईवडील आहेत, तो पळून कुठे जाणार?

यूएपीएमध्ये मात्र ‘कशावरून?’ला फारशी जागाच उरत नाही. 2008 च्या दुरुस्तीने आलेले कलम 43-ड (5) सांगते की केस डायरी किंवा आरोपपत्र वाचून आरोप प्रथमदर्शनी खरा वाटला, तर जामीन देता येणार नाही. 2019 मध्ये वटाली प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने आणखी पुढे जाऊन सांगितले की या टप्प्यावर पुराव्याची खोलात छाननी करू नये. थोडक्यात, पोलिसांचे कागद खरे धरून चालायचे. ते खोटे ठरले तर ते खटल्याच्या शेवटी, आणि खटला कधी संपेल ते कुणीच सांगत नाही.

सालेकसा, देवरी, अर्जुनी मोरगावच्या जंगलपट्ट्यात साक्ष देणाऱ्याला जिवाची भीती वाटते, हे मी नाकारत नाही. काही अर्ज फेटाळलेच पाहिजेत. पण अर्ज फेटाळला की खटला वेगाने चालवण्याची जबाबदारी सरकारवर येते, आणि ती कुणी पाळत नाही. 2021 मध्ये के. ए. नजीब प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने मान्य केले की खटला लवकर संपण्याची शक्यता नसेल, तर यूएपीएतही घटनात्मक न्यायालये जामीन देऊ शकतात. ढवळे यांना पुढे जून 2018 मध्ये भीमा कोरेगाव प्रकरणात अटक झाली. त्या खटल्याचे काय व्हायचे ते न्यायालय ठरवील, पण मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी 2025 मध्ये त्यांना जामीन दिला, तेव्हा आरोपनिश्चितीही झालेली नव्हती आणि तीनशेहून अधिक साक्षीदार तपासायचे होते.

गरिबाची अडचण तर जामीन मंजूर झाल्यावरही संपत नाही. जामीनदार हवा, त्याचा सातबारा हवा, ऐपतीचा दाखला हवा. बालाघाट किंवा राजनांदगावकडून कामाला आलेल्या मजुराने गोंदियात ऐपतदार जामीनदार कुठून आणायचा? परजिल्ह्यातला जामीनदार नाकारणाऱ्या दंडाधिकाऱ्याला न्या. कृष्ण अय्यर यांनी मोतीराम प्रकरणात 1978 मध्येच फटकारले होते. स्थानिक जामीनदाराचा आग्रह धरू नये, असे सर्वोच्च न्यायालयाला जानेवारी 2023 मध्ये पुन्हा सांगावे लागले.

नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम 479 पहिल्यांदाच गुन्ह्यात सापडलेल्या कच्च्या कैद्याला, कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत गेल्यावर सोडायला सांगते. पण फाशी किंवा जन्मठेपेच्या गुन्ह्यांना ही सवलत नाही, आणि एकापेक्षा जास्त खटले प्रलंबित असले तरी नाही. नक्षल प्रकरणांत एकेका माणसावर अनेक गुन्हे दाखल होतात, त्यामुळे ज्यांना गरज सर्वाधिक तेच या सवलतीबाहेर राहतात.

माझी मागणी साधी आहे. जामीन नाकारणाऱ्या प्रत्येक आदेशात खटला किती महिन्यांत संपेल याचा अंदाज न्यायाधीशांनी लिहावा. ती मुदत सरकारमुळे उलटली, तर आरोपीने नवा अर्ज करण्याची वाट न बघता न्यायालयाने स्वतः ती फाइल पुढ्यात घ्यावी आणि उशीर का झाला, याचे उत्तर आधी सरकारी वकिलांकडून मागावे.