माती उकरली तर हिंसा, जाळली तर सफाई?

आपल्या समाजात एक सोयीचं वाक्य आहे. बायकांनी मातीत हात घालायचं म्हटलं, की कुणीतरी लगेच म्हणतं, "जमीन खणायची म्हणजे जीवहिंसा नव्हे का?" एवढं म्हटलं की पुढचं बोलणं बंद. मग परड्यात काँग्रेस गवत कमरेएवढं वाढलेलं चालतं, बस्तीच्या मागे कचऱ्याचा ढीग चालतो. फक्त खुरपं चालत नाही.

आमच्या बेळगाव भागातल्या एका बस्तीच्या मागे दोन गुंठे जागा वर्षानुवर्षे पडीक आहे. गाव सांगत नाही, कारण अशी जागा तुमच्याही गावात असेल. पडक्या भिंतीच्या विटा, फुटक्या फरश्या, प्लास्टिकच्या पिशव्या, घाणेरीची झुडपं. स्वाध्यायाला जमणाऱ्या बायकांनी ती मागितली. आम्ही साफ करतो, भाजी लावतो, चौक्याला वापरतो, असं सांगितलं. उत्तर आलं, "आक्का, बस्तीच्या आवारात कुदळ मारायची नाही. पाप लागतं." पुढच्याच महिन्यात त्याच मंडळींनी मजूर लावून तिथं तणनाशक मारून घेतलं आणि वाळलेल्या गवताला काडी लावली. आता पेव्हिंग ब्लॉक घालून गाड्या लावायचा ठराव आहे.

मला विचारायचं आहे ते एवढंच. खुरप्यानं गांडूळ तुटलं तर ते द्वींद्रिय जीव, म्हणून हळहळ. आणि आगीत मुंग्या, भुंगे, सरडे, बेडूक होरपळले, त्यांची इंद्रियं कुणी मोजली? फवारणारा हात मजुराचा होता म्हणून आपण सुटलो का? कृत, कारित, अनुमोदना हे तिन्ही शब्द आपण लहानपणापासून ऐकतो. स्वतः केलेलं, दुसऱ्याकडून करवलेलं आणि करणाऱ्याला मान डोलावलेलं, तिन्हींचा बंध आहे. रोजंदारी देऊन पाप दुसऱ्याच्या खात्यावर टाकता येत नाही, अण्णा.

शास्त्राचंच म्हणाल तर तेही बघू. आचार्य समंतभद्रांच्या रत्नकरंडक श्रावकाचारात अनर्थदंडाचा एक प्रकार सांगितला आहे, प्रमादचर्या. विनाकारण जमीन खणणं, पाणी सांडणं, आग पेटवणं, झाडं तोडणं. यातला 'विनाकारण' हा शब्द आपण गिळून टाकला आणि 'आग' हा शब्द वाचलाच नाही. गृहस्थाला संकल्पी हिंसा सोडायला सांगितली आहे. आरंभी आणि उद्योगी हिंसा संसारात टळत नाही, ती जपून, कमीत कमी करायची आहे. भगवान आदिनाथांनी शिकवलेल्या सहा कर्मांत असि, मसि यांच्या बरोबरीनं कृषी आहे. आणि आपण कोण? चिकोडी, निपाणी, सांगली, कोल्हापूरकडचे बहुतेक जैन पिढ्यान्‌पिढ्या नांगरामागे चाललेले. शेतात अण्णांनी नांगर घातला तर तो धंदा, आणि परड्यात वहिनींनी खुरपं घेतलं तर ती हिंसा?

बाजारची भाजी घेतली की हात स्वच्छ राहतात, असंही एक समाधान असतं. दोडका, भेंडी, कोबी यांच्यावर किती वेळा काय मारलं आहे, ते आपल्याला ठाऊक नसतं. आपण पाणी गाळून घेतो, भाजीतली अळी शोधून बाजूला ठेवतो. अळी नसलेली भाजी बघून खूशही होतो. अळी का नाही, हे विचारत नाही. तीच भाजी शुद्ध सोवळ्यात चिरून मुनिमहाराजांच्या आहाराला ठेवतो. नुसती शिजवताना शुद्धी पाळून काय उपयोग?

तणनाशकाला 'औषध' म्हणायची आपल्याकडे पद्धत आहे. यातलं खूप खपणारं रसायन म्हणजे ग्लायफोसेट. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं २०१५ साली ते बहुधा कर्करोगकारक असल्याचं म्हटलं. २०२२ साली केंद्र सरकारनं त्याच्या वापरावर निर्बंध घालणारी अधिसूचना काढली. आणि उघड्यावर कचरा जाळायला घनकचरा नियमांची बंदी आहे. म्हणजे धर्म राहू द्या बाजूला, ही सफाई कायद्यातही बसत नाही.

मग पडीक जागा साफ कशी करायची? घाई न करता. चैत्रात वरचा कचरा हातानं वेचायचा. काच, प्लास्टिक, विटा वेगळ्या करायच्या. विटांचा ढीग एका कोपऱ्यात राहू द्यावा, बेडूक-सरड्यांना आसरा होतो. गवत एका टोकाकडून रोज थोडं कापायचं, म्हणजे आतल्या जीवांना सरकायला वाट मिळते. काँग्रेस फुलायच्या आधी मुळासकट उपटायचं, हातात मोजे घालून, कारण त्यानं अंगाला खाज सुटते. फुलल्यावर एकेका झाडाला हजारो बिया धरतात. बी न धरलेलं गवत खताच्या खड्ड्यात जातं, जाळायची गरजच नाही. एकदोन वळीव पडले की माती मऊ होते. तेव्हा पहारीनं ती फक्त सैल करायची, खालची वर करायची नाही. हराळीच्या मुळ्या आणि लव्हाळ्याच्या गाठी हातानं वेचायच्या. तुकडा राहिला की पुन्हा फुटतो. वाफे तीन फूट रुंद, मध्ये दीड फुटाची वाट, म्हणजे वाफ्यात पाय पडत नाही आणि माती दबत नाही. आमच्याकडचा पाऊस जोराचा, म्हणून वाफे वीतभर उंच. वर मुरलेलं शेणखत. कच्चं शेण नको, त्यात हुमणी होते. त्यावर चार बोटं पालापाचोळा.

आणि इथं आपला आहार आपल्याला साथ देतो. बटाटा, मुळा, गाजर, रताळं आपण लावत नाही. त्यामुळे काढणीला जमीन उकरायची वेळच येत नाही. एकदा जपून सैल केली, पाल्यानं झाकली, की पुढे कुदळ नको. गांडुळं आपलं काम करतात. खणायचं ते चातुर्मासाच्या आधी. पावसाळ्यात जीव फार, तेव्हा मातीला हात नाही. वेलावर दोडका, पडवळ, घेवडा, काकडी येऊ द्यावी. पालेभाजी चातुर्मासात आपण तशीही खात नाही, ती कार्तिकानंतर पेरावी. मेथी, पालक, चाकवत.

हे करताना एकही जीव मरणार नाही, असं मी म्हणत नाही. मरतील. श्वास घेतानाही मरतात. पण डोळे उघडे ठेवून, वाकून, हातानं केलेल्या कामात जीव दिसतो, आणि दिसला की वाचवता येतो. पंपातून आणि काडीपेटीतून तो दिसत नाही. यत्नाचार म्हणतात तो हाच, दुसरा नाही.

तेव्हा बायांनो, पुढच्या मीटिंगला गप्प बसू नका. पेव्हिंग ब्लॉकचा ठराव आला तर जागा लेखी मागा. हिंसेचं कारण सांगितलं तर तणनाशकाचं बिल दाखवायला सांगा, आणि ते कोणत्या व्रतात बसतं तेही विचारा. वळवाला अजून वेळ आहे, तोवर खुरप्यांना धार लावून ठेवूया.