मोटर नुसती गुणगुणतेय? आधी बटन बंद करा

पाण्याची मोटर फिरत नाही, नुसती गुणगुणते, असं झालं की घरोघरी एकच प्रकार सुरू होतो: बटन बंद, पुन्हा चालू, पुन्हा बंद, पुन्हा चालू. कृपा करून तसं करू नका. अडकून पडलेली मोटर फिरत्या मोटरच्या कितीतरी पट करंट ओढते आणि त्याची सगळी उष्णता वायंडिंगला सोसावी लागते. थोड्याच वेळात जळका वास येतो, आणि एक कपॅसिटर बदलून जे काम भागलं असतं तिथे रिवायंडिंगचा खर्च अंगावर पडतो.

कपॅसिटर म्हणजे दुकानात आपण मागतो तो कंडेन्सर. घरात वीज येते सिंगल फेज, २३० व्होल्टची. एका फेजवर मोटरमधलं चुंबकत्व जागच्या जागी उलटसुलट होतं, गोल फिरत नाही. जात्याचा खुंटा नुसता पुढेमागे हलवला तर जातं फिरत नाही, तसंच हे. म्हणून मोटरमध्ये दुसरी, स्टार्टिंगची वायंडिंग असते आणि कपॅसिटर तिच्यातला करंट थोडा पुढे सरकवतो. त्यातून फिरवणारा जोर तयार होतो. कपॅसिटर गेला की जोर गेला, उरते ती गुणगुण.

पण प्रत्येक गुणगुणीमागे कपॅसिटरच असतो असं नाही. महिनोन्‌महिने बंद राहिलेल्या पंपाचा इम्पेलर, म्हणजे पाणी ढकलणारं आतलं चाक, गंजाने किंवा क्षाराने धरतो. म्हणून वीज तोडून मोटरच्या पाठीमागची जाळी काढा आणि पंखा हाताने फिरवून पाहा. सहज फिरला तर कपॅसिटरवर संशय घ्या. फिरलाच नाही तर नवा कपॅसिटर आणून उपयोग नाही, आधी पंप मोकळा करून घ्यावा लागेल. काही जण बटन चालू ठेवून जाळीतून स्क्रूड्रायव्हर घालतात आणि पंख्याला धक्का देतात. मोटर सुरू होतेही, पण बोट जायला तेवढा क्षण पुरतो.

वीज तोडणं म्हणजे भिंतीवरचं बटन बंद करणं नव्हे. वायरिंग उलटं झालेलं असेल तर बटन न्यूट्रलवर असतं आणि बंद करूनही मोटरपर्यंत फेज पोचलेली असते. मेन स्विच पाडा, पिन असेल तर ती काढा. टेस्टर मेन पाडण्याआधीच चालू पॉइंटवर लावून तो पेटतो याची खात्री करा, आणि मेन पाडल्यावर तोच मोटरच्या टर्मिनलवर लावा. पंपाजवळची जमीन बहुधा ओली असते. ती पुसा, चप्पल घाला.

वीज तोडली तरी कपॅसिटरमध्ये चार्ज शिल्लक राहू शकतो आणि तो जोराचा झटका देतो. स्क्रूड्रायव्हर आडवा टाकून ठिणगी पाडायची सवय अनेकांना आहे. त्यापेक्षा जुन्या पद्धतीचा तारेचा ६० किंवा १०० वॅटचा बल्ब होल्डरला लावा आणि होल्डरच्या दोन वायरी कपॅसिटरच्या दोन टोकांना काही सेकंद धरा. चार्ज बल्बमधून निघून जातो. त्यानंतरच हात लावा. सोडवण्याआधी जोडणीचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा.

आता खरेदी. फुगलेला, तेल गळणारा किंवा तडकलेला कपॅसिटर बघताक्षणी कळतो. पण वरून ठणठणीत दिसणाराही आतून गेलेला असतो, म्हणून दुकानदाराला मीटर लावायला सांगा. अंगावर २० मायक्रोफॅरड, अधिक-उणे ५ टक्के लिहिलं असेल, तर मीटरने १९ ते २१ दाखवायला हवं. १२ दाखवलं तर तो बाद. नवा घेताना मायक्रोफॅरडचा आकडा तोच हवा. व्होल्टचा आकडा, समजा ४४०, तेवढाच किंवा जास्त चालेल, कमी मुळीच नाही. ‘थोडा मोठा घ्या, मोटर जोरात उचलेल’ हा सल्ला ऐकू नका. मोठ्या आकड्याने स्टार्टिंगच्या वायंडिंगमध्ये करंट वाढतो आणि ती तापून जळते. मायक्रोफॅरडऐवजी एमएफडी छापलेलं असेल तर गोंधळू नका, माप एकच.

बोअरवेलच्या पॅनलला मात्र घरच्या घरी हात घालू नका. तिथे अनेकदा स्टार्टचा आणि रनचा असे दोन कपॅसिटर असतात. स्टार्टचा फक्त सुरुवातीच्या क्षणापुरता असतो. तो रनच्या जागी बसला तर तापून फुटू शकतो. आणि मिस्त्री मोटर उचलून रिवायंडिंगला न्यायला निघाला, तर आधी तुमच्यासमोर कपॅसिटर तपासायला सांगा. हे विचारण्यात संकोच नको.

नवा कपॅसिटर थोड्याच दिवसांत पुन्हा गेला, तर तिसरा आणू नका. व्होल्टेज फार वरखाली होत असेल, बेअरिंग घासत असेल किंवा टर्मिनलच्या डब्यात पाणी शिरत असेल. वायरमनला बोलावून या तिन्ही गोष्टी बघून घ्या, आणि तो आलाच आहे तर मोटरचं अर्थिंगही तपासून घ्या.