हिंगण्यातला हिरवा पेला
कर्वेनगरचं जपानशी नातं जुनं आहे. टोकियोच्या महिला विद्यापीठाची माहितीपुस्तिका वाचून महर्षी कर्वे भारावले आणि १९१६ साली इथेच, तेव्हाच्या हिंगण्यात, त्यांनी महिला विद्यापीठ सुरू केलं. आता त्या जपानचा माचा आमच्या ओट्यावर आलाय. सावलीत वाढवलेल्या चहाच्या पानांची ही पूड. दोन ग्रॅम गाळणीतून चाळून घ्या, म्हणजे गुठळ्या होत नाहीत. पाणी उकळतं नको, ८० अंश पुरे. जास्त तापलं की कडवटपणा उतरतो. पाव वाटी पाण्यात छोट्या रवीने फेस येईस्तोवर घुसळा. पेल्यात बर्फ, गार दूध आणि वरून माचा. दुधात उतरणाऱ्या हिरव्या रेघा बघायला क्षणभर थांबा. माचात अख्खं पानच, कॅफीनसकट, पोटात जातं. म्हणून निवांत, घोटाघोटाने प्यावं.