गुराबेचे मॉडेल: पुरावा किती, अंदाज किती?

मुंबईत १८१७ मध्ये सागवानात बांधलेली ‘ट्रिंकोमाली’ ही ब्रिटिश युद्धनौका आजही इंग्लंडमधील हार्टलपूलला उभी आहे. तिचे १:४८ प्रमाणातील लाकडी मॉडेल करताना मापे प्रत्यक्ष जहाजाशी पडताळता येतात.

मराठा आरमारातील गुराबेबाबत ही सोय नाही. कोकणातील कारागीर कागदी आराखड्याविना, पिढीजात अनुभवावर जहाजे बांधत. डोलकाठ्या, पुढे झुकलेली नाळ यांची माहिती जुन्या वर्णनांतून मिळते. आतील फासळ्यांमधले अंतर मात्र अंदाजानेच ठरवावे लागते.

अंदाज करणे गैर नाही, तो लपवणे गैर. म्हणून संग्रहालयांनी मॉडेलखाली प्रमाणासोबत ‘पुरावा’ आणि ‘अंदाज’ असे दोन रकाने द्यावेत. नाहीतर उद्या हेच मॉडेल पुरावा म्हणून दाखवले जाईल.