पाच म्हणजे पाच

चाकांवरचे घर ही कल्पना आपल्याला काही नवी नाही. साखर कारखान्यांचा हंगाम सुरू झाला, की बैलगाडीत भांडीकुंडी, कोंबड्या आणि पोरे घालून ऊसतोडीला निघालेली कुटुंबे आपण दरसाल पाहतो. ती बिचारी पोटासाठी निघतात. पण ज्याचे चार भिंतींचे चांगले घर आहे, नळाला चोवीस तास पाणी आहे, अशा माणसाने सुटी मिळताच मोटारीमागे दुसरे चिमुकले घर जोडावे, ते ओढत शंभर मैल जावे, कुणा शेतकऱ्याच्या कुरणात उभे करावे आणि वर त्याबद्दल पैसे मोजावेत, ही हौस मात्र खास इंग्रजांची. या चाकांच्या घराला ते कॅरव्हान म्हणतात. शब्द मूळचा फारसी. आपल्याकडे तो काफिल्यांच्या आणि उंटांच्या गोष्टींतून आला. तिकडे त्याला स्वयंपाकघर आणि पडदे लागले.

या हौसेचा मूळपुरुष म्हणजे डॉ. गॉर्डन स्टेबल्स. हे आरमारातले निवृत्त डॉक्टर आणि मुलांसाठी साहसकथा लिहिणारे लेखक. १८८५ साली त्यांनी ब्रिस्टलच्या कारखान्यात 'वाँडरर' नावाचे दोन घोड्यांचे घर बांधून घेतले आणि इंग्लंडातल्या ट्वायफर्डहून थेट स्कॉटलंडातले इन्व्हर्नेस गाठले. रस्ते अरुंद आणि गाडी अवाढव्य! म्हणून एक नोकर तीनचाकी सायकलवर बसून पुढे जाई आणि समोरून येणाऱ्यांना सावध करी. वाचकांनी हा सायकलवाला कृपया ध्यानात ठेवावा. त्याची गरज पुढे आम्हालाही पडली.

आमचा एक पुतण्या बर्मिंगहॅमला असतो. मे महिन्यात आम्ही उभयता त्याच्याकडे गेलो, तेव्हा त्याने विचारले, "काका, तुम्हाला काय पाहायचंय?" मी म्हटले, "हे-ऑन-वाय." वेल्सच्या सीमेवरचे हे चिमुकले गाव जुन्या पुस्तकांच्या दुकानांसाठी प्रसिद्ध आहे. तिथल्या रिचर्ड बूथ नावाच्या पुस्तकविक्याने १ एप्रिल १९७७ रोजी गाव स्वतंत्र राज्य असल्याचे जाहीर करून स्वतःला राजा म्हणवून घेतले होते. फूटपाथवरची पुस्तके चाळण्यात ज्याचे आयुष्य गेले, त्याने दुसरे काय पाहायचे? पुतण्या म्हणाला, "हॉटेलं मिळायची नाहीत. साहित्यमेळावा आहे, त्यात शाळांना सुटी. पण आपली कॅरव्हान आहे ना!"

जवळच हिअरफर्डशरमधल्या एका शेतावर जागा होती. तिथे फोन करायचा होता. पुतण्या कामावर गेलेला. मी म्हटले, त्यात काय, मी करतो. इंग्रजीत मी एम. ए. आहे. पलीकडून एका बाईंचा पिकल्या वयाचा आवाज आला. मी दिवस सांगितला, त्यांनी तो परत म्हणून दाखवला, मी "येस, येस" म्हटले आणि मोठ्या ऐटीत फोन ठेवला. मी म्हणालो होतो ट्यूजडे. त्यांनी लिहिला होता थर्सडे!

मंगळवारी रात्री नऊ वाजता आम्ही त्या शेताच्या फाटकाशी पोहोचलो. त्या दिवसांत तिकडे साडेनऊपर्यंत उजेड असतो, पण त्या दिवशी आभाळ फाटले होते. दोन्ही बाजूंना पुरुषभर उंच झुडपांची कुंपणे आणि मधून एकच गाडी जाईल एवढी वाट. मागे फिरायचे म्हणजे कॅरव्हान उलटी ढकलायची. ते काम सुनेच्या मते घटस्फोटाला पुरेसे कारण आहे.

छत्री घेऊन बाई आल्या. सत्तरीच्या घरातल्या, गुडघ्यापर्यंत रबरी बूट. वही उघडून म्हणाल्या, "तुम्ही गुरुवारी येणार होता. आज माझे पाच भरले आहेत."

फाटकातून कुरण दिसत होते. चांगले दोन एकर असेल. त्यात पाच पांढऱ्या कॅरव्हान अंतरा-अंतरावर उभ्या. मधे एवढी जागा, की तिथे लग्नाचा मांडव पडला असता. मी म्हटले, "बाई, एका कोपऱ्यात राहतो. कुणाला त्रास देणार नाही."

"माफ करा. पाच म्हणजे पाच."

मला राग आला. मुंबईच्या लोकलमध्ये तिघांच्या बाकावर चौथा बसतो, तो काय बाक लांबतो म्हणून? "जरा सरकता का?" एवढे म्हटले, की अख्खा देश सरकतो. आषाढीला पंढरीच्या वाटेवरची खेडी आपल्या वस्तीच्या कितीतरी पट माणसांना पाठ टेकायला जागा देतात. आणि इथे दोन एकरांत सहावी गाडी मावत नाही! आतिथ्य म्हणजे काय हे या लोकांना कळायचे नाही, असे मी मराठीत म्हणालो. पुतण्याने इंग्रजीत त्याचे भाषांतर केले नाही, हे त्याचे उपकार.

पण बाई फाटक लावून निघून गेल्या नाहीत. "थांबा," म्हणाल्या. घरात गेल्या. पाच मिनिटांनी गरम सूपचे चार मग घेऊन आल्या. बगलेत फोन होता. दोन मैलांवर दुसरा एक शेतकरी, त्याच्याही अशाच पाच जागा. त्यांतली एक आजारपणामुळे आयत्या वेळी सुटली होती. "माझ्या मागून या. वाट तुम्हाला सापडायची नाही," असे म्हणून त्यांनी आपली चिखलाने माखलेली गाडी बाहेर काढली आणि त्या पावसात आमच्या पुढे निघाल्या. समोरून ट्रॅक्टर आला, की उतरून हात करीत. त्याला मागे हटवीत. डॉ. स्टेबल्सचा सायकलवाला तो हाच!

दुसऱ्या दिवशी त्या शेतकऱ्याने मला पाचाचे कोडे उलगडून सांगितले. महायुद्धानंतर इंग्लंडात घरांची टंचाई झाली. हजारो कुटुंबे कॅरव्हानमध्येच कायमची राहू लागली, शेतांवर बेशिस्त वस्त्या झाल्या. तेव्हा १९६० साली कायदा झाला, की कॅरव्हानना जागा द्यायची तर स्थानिक कौन्सिलचा परवाना हवा. पण हौशी प्रवाशांची वाट बंद होऊ नये, म्हणून त्यात एक खिडकी ठेवली. सरकारने मान्य केलेल्या क्लबाने शेताला दाखला द्यावा. मग क्लबाच्या सभासदांना तिथे परवान्याशिवाय उतरता येईल. मात्र एका वेळी कॅरव्हान पाचच आणि एका गाडीचा मुक्काम फार तर अठ्ठावीस दिवस. यांतला एक मोठा क्लब १९०७ सालचा आहे. असे दाखलेवाले शेतकरी देशभर आहेत. कुणाचे सफरचंदाचे बन, कुणाचे खानावळीमागचे मैदान, कुणाचे मेंढ्यांचे कुरण.

"सहावी घेतली, तर कोण मोजायला येतो?" मी विचारले.

"पहिल्या पाचांपैकी कुणीही," तो म्हणाला. "ते इथे येतात तेच पाच असतात म्हणून. आणि क्लबाने दाखला काढून घेतला, तर त्यांची काय ती कमाई गेली."

गुरुवारी आम्ही वहीत लिहिल्याप्रमाणे बाईंच्या कुरणात दाखल झालो. आता मला तिथला व्यवहार जवळून पाहता आला. प्रथम कॅरव्हान समपातळीत आणायची. गवंडी वापरतो तसली पाणसळ घेऊन पुतण्या चाकांखाली पाचरी सारीत होता. मग चार कोपऱ्यांचे पाय खाली सोडायचे. नळ एकच, कुंपणापाशी. तिथून पिंप भरून जमिनीवरून लोटत आणायचे. वापरलेले पाणी दुसऱ्या पिंपात धरायचे. शौचाची पेटी रोज ठरल्या जागी नेऊन रिती करायची. त्यावर बाईंचा एक कडक नियम: पेटीत निळे औषध चालणार नाही, हिरवेच हवे. निळ्यातले जालीम रसायन मैलाटाकीतल्या जंतूंना मारते, आणि टाकीचे पोट चालते ते त्या जंतूंवरच. दोन गाड्यांमध्ये सहा मीटरचे अंतर. घराघरांत गॅसची नळकांडी, एकीला आग लागली तर दुसरीला पोहोचू नये म्हणून. मला ज्या रिकाम्या जागेचा लोभ सुटला होता, तिचा काही भाग असा कामाला लावलेला होता.

एवढे सोडले, तर तिथे काही नाही. ना न्हाणीघर, ना दुकान, ना करमणूक. फाटकाशी एका पेटीत अंडी ठेवलेली, शेजारी पैशांचा डबा. डब्याला कुलूप नाही. सौभाग्यवतींनी तिथे उभ्या राहून दोनदा पैसे मोजले. घरी भाजीवाल्याशी असे कधी होत नाही.

संध्याकाळी बाई गवत कापून झाल्यावर आमच्या दाराशी टेकल्या. मी मंगळवारच्या माझ्या बोलण्याची माफी मागितली. मराठी त्यांना कळले नव्हते, पण सूर कळला होता. मग त्यांनी सांगितले. २००१ साली इंग्लंडात गुरांना लाळखुरकताची साथ आली. साथ पसरू नये म्हणून साठ लाखांवर जनावरे मारण्यात आली. त्यांत यांची सगळी गुरे गेली. एकही आजारी नव्हते. पण शेजारी आजार निघाला आणि हुकूम आला. "त्या कुरणाकडे बघवत नव्हतं," त्या म्हणाल्या. "गुरं विकत घ्यायला पैसे होते, पण नवऱ्याला धीर नव्हता. वर्षभर गवत नुसतं वाढत होतं. मग पुढल्या साली आम्ही या पाच जागा केल्या. पहिली गाडी आली त्या रात्री त्या खिडकीत दिवा दिसला, तेव्हा हे कुरण पुन्हा कुरण वाटलं."

नवरा आता नाही. आम्ही रात्रीला वीस पौंड देत होतो. पाचही जागा भरल्या, तर शंभर पौंड. पण भरतात त्या उन्हाळ्यातल्या मोजक्या रात्री. हिवाळ्यात महिनोन्महिने कुणी नाही. त्यातून पाणी, वीज, विमा आणि गवत कापायचे यंत्र. २०२० साली साथीच्या टाळेबंदीत मार्च अखेरीपासून ४ जुलैपर्यंत एकही गाडी आली नाही. त्यांचा मुलगा म्हणतो, कौन्सिलचा परवाना काढू, न्हाणीघर बांधू, तीस गाड्या घेऊ. हिशेब त्याचा बरोबर आहे, हे बाईही कबूल करतात. "पण तीस माणसांची नावं मला लक्षात राहायची नाहीत," एवढेच त्या म्हणाल्या. पुढेमागे मुलाचे ऐकावे लागेल, हेही त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होते.

शुक्रवारी रात्री आठच्या सुमारास फाटकाशी दिवे दिसले. एक तरुण जोडपे, मागच्या सीटवर झोपलेले मूल. जागा न ठरवता आलेले. तो कुरणाकडे बोट दाखवून म्हणत होता, "एवढं मोठं तर आहे!" बाईंनी माझ्याकडे पाहिले. मी काही बोललो नाही. सूनबाईने चहा टाकला. बाईंनी फोन फिरवला. आम्ही गुरुवारी सोडलेली त्या शेतकऱ्याची जागा अजून रिकामी होती.

बाईंचा गुडघा त्या दिवशी दुखत होता. म्हणून पुतण्याने आमची मोटार काढली आणि वाट दाखवायला मी शेजारी बसलो. वळणावर समोरून एक गाडी आली. मी उतरलो आणि भर रस्त्यात हात करून उभा राहिलो.

घरी परतल्यावर परवाच्याच दिवशी लोकलमध्ये एक गृहस्थ म्हणाले, "काका, जरा सरकता का?" मी सरकलो. ते माझ्या हाडांत आहे, आणि राहू दे. पण ज्याला सरकून घेता येत नाही, त्याने नाही म्हटल्यावर पावसात बाहेर पडून दुसऱ्या दारापर्यंत पोचवायचे असते, हे मी एका रबरी बूटवाल्या बाईंकडून शिकलो. तेवढ्यासाठी ट्यूजडेचा थर्सडे झाला, हे बरेच झाले.