गाडी बंद पडली. आधी मागच्या आसनाकडे पाहा

उन्हाळा सुरू झाला की माझ्या दवाखान्यातील ज्येष्ठ मंडळी निघताना एक प्रश्न हमखास विचारतात, "डॉक्टर, सोलापूरला जाऊन यायचे आहे. प्रवास झेपेल ना?" मी रक्तदाब पाहतो, गोळ्यांच्या वेळा सांगतो आणि बहुधा होकार देतो. वाटेत गाडीच बंद पडली तर काय करावे, हे मात्र मी कधी सांगत नसे. तो धडा मला दोन वर्षांपूर्वीच्या मे महिन्यात स्वतःच्याच आईकडून मिळाला. आजचा लेख त्याविषयी आहे.

आईचे वय तेव्हा ८१ वर्षांचे होते. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतरच्या तपासणीसाठी तिला सोलापूरला नेले होते. हे अंतर बार्शीपासून सुमारे ७० किलोमीटर. परतताना वैराग मागे पडल्यावर एका रुग्णाचा फोन आला म्हणून मी कडुलिंबाच्या विरळ सावलीत गाडी उभी केली. इंजिन बंद केले, पण पंखा आणि मोबाईलचे चार्जिंग सुरूच राहिले. बोलणे लांबले. त्यानंतर किल्ली फिरवली, तेव्हा इंजिनाऐवजी नुसती 'टक-टक' ऐकू आली. चार वर्षांची जुनी बॅटरी पुरती उतरली होती. मी पुन्हा पुन्हा किल्ली फिरवत राहिलो. शेवटी विजेवर चालणाऱ्या काचाही खाली येईनात.

दुपारचा एक वाजला होता. मी खाली उतरून बॉनेट उघडले, मेकॅनिकला फोन केला, येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांना हात केला. या धावपळीत अर्धा तास केव्हा गेला ते कळले नाही. शेजारच्या शेतातून एक बाई पाण्याची कळशी घेऊन आल्या आणि गाडीत डोकावून म्हणाल्या, "ओ दादा, गाडीचं ऱ्हाऊ द्या. म्हातारीकडं बघा आधी!"

मी मागचे दार उघडले. आईचा चेहरा लाल झाला होता, अंग तापले होते. माझ्याकडे पाहून तिने विचारले, "अरे, हे आले का दुकानातून?" माझे वडील जाऊन तेव्हा नऊ वर्षे झाली होती.

नातवासाठी मागच्या दारांना लावलेले चाइल्ड लॉक तसेच राहिले होते. त्यामुळे आईला आतून दार उघडता येत नव्हते. मुलगा गडबडीत आहे, त्याला कशाला हाक मारायची, असे वाटून ती गप्प बसली होती. आम्ही तिला सावलीत निजवले, पातळ सैल केले, कळशीतील पाणी अंगावर शिंपडत वर्तमानपत्राने वारा घातला. वीसेक मिनिटांत ती भानावर आली. पुढे एका जीपवाल्याने आम्हाला बार्शीला पोहोचवले आणि रुग्णालयात सलाइन देऊन सायंकाळपर्यंत तिला देखरेखीखाली ठेवले. रात्री ती इतकेच म्हणाली, "तू डॉक्टर. मला वाटलं, तुला ठाऊकच असेल."

तीस वर्षे रुग्ण तपासणाऱ्या मला ते ठाऊक होते. फक्त माझे लक्ष बॉनेटखाली होते. गाडी बंद पडली की घरातील कर्ता माणूस यंत्राकडे वळतो. वास्तविक यंत्र तासभर थांबू शकते. मागच्या आसनावरचा वृद्ध माणूस थांबू शकत नाही.

पहिली दहा मिनिटे माणसांची

गाडी जमेल तितकी रस्त्याच्या डाव्या कडेला घ्या आणि धोक्याची सूचना देणारे दिवे लावा. बॅटरी उतरली असल्यास ते लागणार नाहीत; म्हणून लाल परावर्तक त्रिकोण गाडीत असावा. तो गाडीमागे किमान पन्नास पावलांवर ठेवावा, वेगवान महामार्गावर त्याहूनही लांब. आपल्याकडे दगड आणि फांद्या ठेवण्याची रीत आहे. तसे करावे लागलेच, तर निघताना ते आठवणीने उचलावेत, नाहीतर रात्री एखादा दुचाकीस्वार त्यांवर आदळतो.

त्यानंतर ज्येष्ठांना वाहतुकीच्या विरुद्ध बाजूच्या, म्हणजे डाव्या दाराने उतरवावे आणि रस्त्यापासून दूर सावलीत बसवावे. गाडीच्या पुढे किंवा मागे कोणालाही उभे करू नये. मागून येणाऱ्या वाहनाची धडक बसली तर सर्वाधिक इजा तेथेच होते. पायांत बळ नसलेल्या व्यक्तीला उतरवणे शक्य नसेल, तर निदान सर्व दारे उघडावीत. मात्र रहदारीच्या बाजूचे दार उघडताना मागे पाहावे.

बंद काचांची उन्हातील गाडी किती लवकर तापते याची अनेकांना कल्पना नसते. बाहेर ४० अंश असताना आतील तापमान अर्ध्या तासात ५० अंशांच्या पुढे जाते. उतारवयात तहान कमी जाणवते आणि घामही कमी येतो. रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी सुरू असेल, तर शरीरातील पाणी आधीच कमी झालेले असते. यात आणखी एक कारण मिसळते, ते आपण घरात उघडपणे बोलत नाही. वाटेत स्वच्छ स्वच्छतागृह मिळणार नाही, या धास्तीने आपल्या आया आणि आज्या प्रवासाच्या दिवशी पाणीच पीत नाहीत. माझ्या आईनेही त्या दिवशी सकाळपासून एक कप चहाच घेतला होता. तेव्हा कोठे थांबता येईल हे निघण्यापूर्वी ठरवून त्यांना सांगा, म्हणजे त्या निश्चिंतपणे पाणी पितील.

ऊन बाधल्याची लक्षणे

डोके दुखणे, मळमळ, चक्कर, पायांत गोळे येणे, गळून जाणे ही पहिली पायरी. या वेळी सावली, वारा, ओले कापड आणि घोट-घोट ओआरएस पुरेसे ठरते. ओआरएसचे मोठे पाकीट एक लिटर पाण्यातच मिसळावे. अर्ध्या पाण्यात घट्ट करू नये. मूत्रपिंडाच्या किंवा हृदयाच्या विकारामुळे पाण्यावर मर्यादा असलेल्यांनी प्रवासासाठीचे प्रमाण आपल्या डॉक्टरांना आधीच विचारून ठेवावे.

बोलणे असंबद्ध होणे, ओळख न पटणे, झापड येणे, झटके येणे आणि अंग भाजल्यासारखे तापणे ही उष्माघाताची लक्षणे आहेत. घाम थांबलाच पाहिजे असे नाही. घाम येत असतानाही उष्माघात होऊ शकतो. अशा व्यक्तीला गुंगी असेल तर तोंडाने काहीही पाजू नये. पाणी श्वासनलिकेत जाण्याचा धोका असतो. सर्वांगावर पाणी ओतावे आणि जोराने वारा घालावा. बर्फ मिळाल्यास कापडात गुंडाळून मानेशी, काखेत आणि जांघेत ठेवावा. पॅरासिटामॉलचा येथे उपयोग होत नाही, कारण हा ताप जंतुसंसर्गाचा नव्हे. त्याच क्षणी १०८ क्रमांकावर फोन करावा. महाराष्ट्रात २०१४ पासून ही मोफत रुग्णवाहिका सेवा सुरू आहे. पोलीस किंवा अन्य मदतीसाठी ११२, आणि पुणे-सोलापूरसारख्या राष्ट्रीय महामार्गावर असाल तर १०३३ हे क्रमांक लक्षात ठेवावेत. फोनवर गावाचे नाव, जवळचा किलोमीटरचा दगड आणि कोणत्या दिशेने जात होता हे सांगावे.

मधुमेह आणि हृदयविकार

गाडी बंद पडली की जेवणाची वेळ टळते. इन्सुलिन किंवा गोळी मात्र सकाळीच घेतलेली असते. हात थरथरणे, दरदरून घाम, चिडचिड किंवा गोंधळ दिसल्यास साखर उतरली असे समजून, व्यक्ती शुद्धीवर असेल तर तीन चमचे साखर किंवा ग्लुकोज पाण्यातून द्यावे. पंधरा मिनिटांत बरे न वाटल्यास पुन्हा तितकेच द्यावे आणि नंतर पोळी किंवा बिस्किटे द्यावीत. इन्सुलिन गाडीच्या कप्प्यात कधीही ठेवू नये. तेथील उष्णतेने त्याचा गुण नाहीसा होतो.

दुसरी सूचना काळजी घेणाऱ्यांसाठी आहे. आज ऐंशीच्या आई-वडिलांना नेणारा मुलगा स्वतःच साठीला आलेला असतो. भर उन्हात गाडीला धक्का मारताना श्वास रोखला जातो, रक्तदाब एकाएकी वाढतो आणि हृदयावर मोठा ताण पडतो. हृदयविकार, हर्निया किंवा कंबरेचे दुखणे असणाऱ्याने गाडी ढकलू नये. ऑटोमॅटिक गिअरची गाडी तर ढकलून सुरूही होत नाही. छातीत दडपण, जबड्यात किंवा डाव्या हातात कळ जाणवल्यास गाडीचा विचार सोडून द्यावा आणि १०८ ला फोन करावा.

बॅटरीला हात लावण्यापूर्वी

मेकॅनिक येणार असेल तर वाट पाहणे उत्तम. दुसऱ्या गाडीच्या मदतीने जंपर केबल जोडण्याची वेळ आलीच, तर क्रम चुकवू नये. दोन्ही गाड्या बंद असाव्यात आणि एकमेकींना टेकलेल्या नसाव्यात. लाल केबल आधी उतरलेल्या बॅटरीच्या धन टोकाला, मग चांगल्या बॅटरीच्या धन टोकाला जोडावी. काळी केबल चांगल्या बॅटरीच्या ऋण टोकाला जोडून तिचे दुसरे टोक बंद गाडीच्या इंजिनाच्या रंग नसलेल्या धातूला, बॅटरीपासून दूर, लावावे. बॅटरीतून हायड्रोजन वायू बाहेर पडतो आणि शेवटच्या जोडणीला ठिणगी उडते. ती बॅटरीजवळ उडू नये यासाठी ही खबरदारी. याच कारणाने जवळ विडी-सिगारेट नको. चांगली गाडी सुरू करून काही मिनिटांनी बंद गाडी सुरू करावी आणि केबल उलट क्रमाने काढाव्यात. फुगलेल्या, तडकलेल्या किंवा गळणाऱ्या बॅटरीला हे करूच नये. हातातील अंगठी, कडे, बांगड्या आधी काढून ठेवाव्यात. बॅटरीच्या टोकांना धातू टेकला तर तो क्षणात तापून त्वचा भाजते.

बॅटरीत गंधकाम्ल असते. ते डोळ्यात उडाल्यास डोळा चोळू नये. दूध, तूप किंवा गुलाबपाणी घालू नये. स्वच्छ पाण्याच्या धारेने किमान पंधरा ते वीस मिनिटे डोळा धुऊन नेत्रतज्ज्ञाकडे जावे. इंजिन तापून गाडी थांबली असेल, तर रेडिएटरचे झाकण गरम असताना उघडू नये. उसळलेल्या वाफेने भाजलेले चेहरे दर उन्हाळ्यात माझ्याकडे येतात. भाजलेल्या जागी वीस मिनिटे साधे पाणी सोडावे. टूथपेस्ट लावू नये.

निघण्यापूर्वी

उष्णतेने बॅटरीचे आयुष्य घटते. ती तीन वर्षांहून जुनी असेल, तर उन्हाळ्याच्या आरंभी तपासून घ्यावी. इंजिन बंद असताना पूर्ण भरलेल्या बॅटरीचा दाब सुमारे १२.६ व्होल्ट असतो. मागच्या आसनावर ज्येष्ठ बसणार असतील तर चाइल्ड लॉक काढावे. रिमोटच्या किल्लीत एक साधी किल्ली दडलेली असते. बॅटरी उतरल्यावर दार तिनेच उघडते, हे घरातील सर्वांना दाखवून ठेवावे. सोबत भरपूर पाणी, ओआरएस, साखरेची पुडी, छत्री, हातपंखा, टॉर्च, दोन दिवसांची औषधे आणि आजार व औषधे लिहिलेला कागद असावा. आपल्या बार्शीतील नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटलात उपचारांसाठी गावोगावहून रुग्ण येतात. उपचारांनी थकलेल्या अशा रुग्णाला घरी नेताना ही तयारी अधिकच आवश्यक आहे.

शेवटी एक विनंती. रस्त्याकडेला बंद गाडी दिसली आणि तिच्यात वृद्ध माणूस असला, तर क्षणभर थांबा. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली झालेल्या दुरुस्तीने अपघातग्रस्ताला सद्भावनेने मदत करणाऱ्यास संरक्षण दिले आहे. आपले नाव सांगण्याची सक्तीही त्याच्यावर करता येत नाही. बंद गाडीपाशी थांबायला तर कायद्याचा आधारही लागत नाही. त्या दिवशी शेतातील बाई थांबल्या नसत्या, तर आणखी अर्ध्या तासाने मी मागचे दार उघडले असते. तेव्हा माझे सारे वैद्यकीय ज्ञान अपुरे पडण्याचा संभव होता.

आता प्रवासाची परवानगी मागणाऱ्या प्रत्येक ज्येष्ठाला मी रक्तदाब तपासल्यावर तीन गोष्टी विचारतो: पाणी किती घेणार, वाटेत कोठे थांबणार आणि गाडीचे मागचे दार आतून उघडते का. तिसऱ्या प्रश्नाला काहीजण हसतात. मी त्यांना घरी जाऊन उघडून पाहायला सांगतो.