बारा शब्द आणि शून्य शिल्लक

नव्या फोनवर बिटकॉइनचं वॉलेट उघडलं आणि शिल्लक शून्य दिसली, की पहिला संशय चोराचाच येतो. पण चोरी न होताही हे घडतं. वॉलेट परत मिळवण्यासाठी कागदावर टिपून ठेवलेले बारा शब्द बरोबर असतात, क्रमही बरोबर असतो, तरी पैसे दिसत नाहीत. जुनं अ‍ॅप त्या शब्दांपासून खात्याचे पत्ते एका रीतीने काढत होतं, नवं अ‍ॅप दुसऱ्या रीतीने काढतं, एवढंच झालेलं असतं.

हे शब्द येतात ‘बिप-39’ नावाच्या पद्धतीतून. ट्रेझर हे वॉलेटचं उपकरण बनवणाऱ्या मारेक पालाटिनुस, पावोल रुस्नाक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती 2013 साली मांडली. 2,048 शब्दांच्या यादीतून बारा किंवा चोवीस निवडले जातात. ट्रेझर, लेजर, मेटामास्क या सगळ्या वॉलेटांना ही पद्धत चालते, म्हणून ‘हे शब्द जपा, बाकी काळजी नको’ असं अ‍ॅप छातीठोकपणे सांगतं. ग्राहकाची फसगत इथेच होते, आणि तिचा दोष ग्राहकाकडे नाही.

इलेक्ट्रमचं उदाहरण घ्या. 2011 पासून चालत आलेलं हे वॉलेटही बाराच शब्द देतं, पण त्याची पद्धत स्वतःची. ते शब्द दुसरीकडे भरले तर बहुतेक वेळा ‘चुकीचे’ म्हणून परत येतात. आणि दुसरीकडचे शब्द इलेक्ट्रममध्ये भरायचे तर आधी पर्यायांत जाऊन ‘बिप-39’ वर खूण करावी लागते. ते जमलं तरी वाटेचा, म्हणजे शब्दांपासून पत्ते काढण्याच्या ठरावीक मार्गाचा, प्रश्न उरतो. त्याच शब्दांपासून 44 क्रमांकाच्या वाटेने गेलं तर 1 ने सुरू होणारे पत्ते निघतात, 49 ने 3 चे, 84 ने ‘बीसी1’चे. पैसे 49 च्या वाटेवर असताना नवं अ‍ॅप फक्त 84 ची वाट धुंडाळत असेल, तर ते प्रामाणिकपणे शून्य दाखवणार.

काहींनी शब्दांना वरून आणखी एक गुप्त शब्दही जोडलेला असतो. त्यात एका अक्षराची चूक झाली तरी अ‍ॅप तक्रार करत नाही, निमूट दुसरंच रिकामं वॉलेट उघडून देतं.

मराठी माणसाच्या वाट्याला आणखी एक अडचण येते. बिप-39 च्या याद्या जपानी, कोरियन, चेक अशा भाषांत आहेत. मराठीत नाही, हिंदीतही नाही. इंग्रजी शब्द कुणी सवयीने देवनागरीत टिपून ठेवले तर? यादीत ‘राइट’ दोनदा येतो, एक बरोबर या अर्थाचा, दुसरा लिहिण्याचा. ‘पीस’ही दोन, शांतता आणि तुकडा. वर्षभराने कागद काढल्यावर कोणता कुठला, हे कोण सांगणार? हे शब्द रोमन लिपीतच लिहिलेले बरे.

बीड जिल्ह्यातल्या धर्मापुरीसारख्या गावात नवा फोन पुष्कळदा मोबाइलच्या दुकानातच ‘चालू करून’ मिळतो. वॉलेट हलवतानाही पावलं तिकडेच वळतील. पण ज्याला हे शब्द दिसले, त्याच्या हाती पैसे गेले. त्याला ना ओटीपी लागतो ना सही. पुण्यात तर तपास करणाऱ्यांच्या मदतनिसांवरच आळ आला. ‘गेनबिटकॉइन’ या बिटकॉइन गुंतवणूक घोटाळ्याच्या 2018 च्या तपासात पुणे पोलिसांनी बाहेरचे तांत्रिक तज्ज्ञ मदतीला घेतले होते. मार्च 2022 मध्ये त्यांतल्याच दोघांना अटक झाली, एक जण माजी आयपीएस अधिकारी. आरोप असा, की आरोपींच्या वॉलेटमधलं चलन त्यांनी परस्पर वळवलं आणि शिल्लक कमी दाखवणारे बनावट स्क्रीनशॉट पोलिसांना दिले.

मग पैसे या चलनाची खरेदी-विक्री करून देणाऱ्या एक्स्चेंजवरच का ठेवू नयेत? 18 जुलै 2024 रोजी वझीरएक्स या भारतीय एक्स्चेंजवर दरोडा पडला आणि सुमारे 2,000 कोटी रुपयांचं चलन गेलं. ‘ज्ञानराधा’ पतसंस्थेत ठेवी अडकलेल्या बीड जिल्ह्याला दुसऱ्याच्या तिजोरीवरचा भरवसा काय असतो, हे वेगळं सांगायला नको.

तेव्हा वॉलेट स्वतःचंच, पण कागदावर बारा शब्दांसोबत अ‍ॅपचं नाव, पत्त्यांचा प्रकार आणि वॉलेट उघडल्याचं साल लिहिलेलं असावं. हा तपशील अ‍ॅपवाल्यांनी आपणहून पडद्यावर द्यायला हवा. नव्या अ‍ॅपमधला पहिला पत्ता जुन्यातल्या पहिल्या पत्त्याशी अक्षरन्‌अक्षर ताडून पाहावा आणि तोवर जुनं अ‍ॅप पुसू नये. जुना फोन अजून चालत असेल तर शब्द हलवण्याच्या भानगडीत न पडलेलंच उत्तम: नव्या अ‍ॅपमध्ये नवं वॉलेट काढावं, त्याचे शब्द लिहून घ्यावेत, आधी थोडी रक्कम पाठवून ती पोचल्याची खात्री करावी आणि मग उरलेली पाठवावी. नेटवर्कचं शुल्क तेवढं पडेल.